खेकडा भजी: कांद्यातल्या पाण्याचा हिशेब

कांदाभजी कुरकुरीत होतात ती कांद्यातले पाणी बाहेर गेल्यामुळे, आणि मऊ पडतात ती आत राहिलेल्या पाण्यामुळे. कांद्याच्या वजनात जवळजवळ 88 ते 90 टक्के पाणीच असते. बेसन, तांदळाचे पीठ, मोहन, मीठ, आच या सगळ्यांचे काम शेवटी त्या पाण्याला योग्य वेळी योग्य वाट करून देणे एवढेच आहे. ‘पिठात वरून पाणी घालू नको’, ‘घाणा मोठा टाकू नको’, ‘गरम भज्यांवर झाकण ठेवू नको’ हे घरोघरी ऐकू येणारे नियम वेगवेगळे वाटतात, पण बोट एकाच गोष्टीकडे दाखवतात.

महाराष्ट्रात कांद्याची भजी दोन तऱ्हांनी होतात. एक गोल भजी: कांद्याच्या आडव्या चकत्या सरसरीत पिठात बुडवून तळायच्या. दुसरी खेकडा भजी: उभा, पातळ चिरलेला कांदा मिठाने मऊ करून, त्याला सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढे पीठ लावून, हाताने विस्कटून तेलात सोडायचा. तळताना कांद्याच्या पाकळ्या चहूकडे फाकतात आणि भजे खेकड्याच्या नांग्यांसारखे दिसते, म्हणून हे नाव. पुण्याजवळच्या सिंहगडावर पावसात भिजून वर पोहोचणारे लोक पिठले-भाकरीबरोबर जी भजी आवर्जून मागवतात, ती हीच.

पावसाळ्याशी या पदार्थाचे नाते नुसत्या हवेचे नाही, पंचांगाचेही आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो आणि अनेक घरांत तेव्हापासून कांदा-लसूण बंद होतो. त्याच्या दोन दिवस आधी, आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमी साजरी होते. त्या दिवशी कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाजी, कांद्याची चटणी असे सगळे ताटात येते, पण भज्यांवाचून कांदेनवमी पुरी होत नाही. गंमत अशी की या तिथीला बाजारात जो कांदा असतो, तो भज्यांसाठी वर्षातला सगळ्यांत चांगला कांदा असतो.

त्याचे कारण शेतीत आहे. महाराष्ट्रात कांदा तीन हंगामांत निघतो: खरिपाचा लाल कांदा, त्यामागोमाग रांगडा आणि रब्बीचा उन्हाळ कांदा. लाल कांदा साधारण ऑक्टोबरनंतर बाजारात येऊ लागतो. तो रसरशीत असतो, त्याची साल पातळ असते आणि तो फार दिवस टिकत नाही. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, शेतात पातीसकट सुकवला जातो आणि मग हवेशीर चाळीत भरून ठेवला जातो. एन-2-4-1 किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राने दिलेला भीमा किरण हे या हंगामाचे वाण. चाळीत पडून असताना कांदा रोज थोडे थोडे पाणी हवेत सोडतो, वजनाने घटतो, साल घट्ट होते. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडाशी जो कांदा येतो, तो असा आधीच काहीसा आटलेला असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही घट म्हणजे नुकसान, पण कढईपर्यंत आल्यावर तिचा फायदा होतो. कोवळा लाल कांदा वापरायचा झाला तर त्याला पाणी जास्त सुटणार हे धरूनच बेत करावा लागतो. अलिबागचा पांढरा कांदा गोडीला उत्तम, कोशिंबिरीत तर त्याला तोड नाही. भज्यांत मात्र तो तिखटपणाने फिका पडतो आणि साखरेमुळे लवकर लाल होतो.

कांदा म्हणजे जमिनीलगत फुगलेल्या पानांचे तळ, एकात एक बसलेले. या पाकळ्यांमधले धागे मुळाकडून शेंड्याकडे जातात. कांदा उभा चिरला तर सुरी धाग्यांच्या दिशेने जाते, पेशी त्या मानाने कमी फुटतात, काप आपला आकार धरून राहतो. आडवा चिरला तर प्रत्येक धागा तुटतो आणि रस जास्त निघतो. डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्यही पेशी फुटल्यावरच तयार होते: एका कप्प्यातले गंधकयुक्त पदार्थ दुसऱ्या कप्प्यातल्या विकरांना भेटतात आणि त्यातून उडून जाणारा झोंबरा वायू निघतो. चिरण्याआधी कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की हा वायू कमी उडतो. धारदार विळी किंवा सुरीनेही फरक पडतो, कारण बोथट पाते कापण्यापेक्षा चिरडते जास्त.

खेकडा भज्यांसाठी कांद्याचे दोन भाग करून, मुळाकडचा कडक भाग काढून, दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे उभे काप करावेत आणि बोटांनी पाकळ्या सुट्या कराव्यात. हे सुटे करणे कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्यांच्या मध्ये पीठही जात नाही आणि तेलही नाही; तिथला कांदा नुसता उकडतो आणि ती वाफ नंतर बाहेरचे आवरण मऊ करते.

चार मध्यम कांदे, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम, घेतले तर त्यांना एक चहाचा चमचा मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. मिठामुळे पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, पाकळ्या लवचीक होतात आणि पातेल्याच्या तळाशी रस जमतो. हा रस म्हणजेच भज्याच्या पिठाचे पाणी. तो पिळून टाकून देण्याची काही घरांत पद्धत आहे, पण त्यात कांद्याची चव आणि साखर दोन्ही वाया जातात. मग साधे पाणी घालून पीठ भिजवावे लागते आणि भजे पिठूळ लागते. कांदा फार रसाळ असेल तर मीठ लावून पाचच मिनिटे थांबावे. पाणी जास्त सुटले की पीठ जास्त लागते, पीठ वाढले की पाकळ्या दिसेनाशा होतात आणि खेकड्याऐवजी गोळा तळला जातो.

एवढ्या कांद्याला बेसन साधारण 100 ग्रॅम आणि तांदळाचे पीठ दोन मोठे चमचे पुरते. त्यात लाल तिखट, हळद, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा, मूठभर चिरलेली कोथिंबीर. मीठ आधीच पडलेले असते, हे लक्षात ठेवून पुन्हा घालू नये. पीठ एकदम न ओतता थोडे थोडे भुरभुरावे आणि प्रत्येक वेळी हलक्या हाताने कालवावे. प्रत्येक पाकळीला पातळ लेप बसला आणि मूठ उघडल्यावर पाकळ्या जेमतेम एकमेकींना धरून राहिल्या की थांबायचे. सगळे पीठ संपलेच पाहिजे असे नाही. कांदा किती पीठ मागतो हे कांदाच ठरवतो, आणि कागदावरचे माप इथे फक्त सुरुवात करून देते.

बेसनच का, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. हरभऱ्याच्या पिठात पाचव्या हिश्श्याहून अधिक प्रथिने असतात, पण गव्हातले चिवट ग्लूटेन त्यात नसते. मैदा भिजवून कालवला की ग्लूटेनची लवचीक जाळी तयार होते आणि आवरण वातड होते. बेसनाचा लेप तापला की स्टार्च पाणी पिऊन फुगतो, प्रथिने घट्ट होतात आणि त्यातून पाणी निघून गेले की मागे ठिसूळ सांगाडा उरतो. तांदळाचे पीठ हा सांगाडा आणखी कडक करते आणि तेल कमी पिते. मात्र ते बेसनाच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे गेले की भजे दाताला टोचते आणि डाळीचा खमंगपणा मागे पडतो. काही जण तांदळाच्या पिठाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा बारीक रवा घालतात. कुरकुरीतपणा येतो, पण रव्याचे भजे गार झाल्यावर खडबडीत लागते.

मोहन म्हणजे कालवलेल्या पिठावर घातलेले दोन चमचे कडकडीत तेल. ते पिठाच्या कणांना वेढते, कण एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही आणि आवरण खुसखुशीत करते. ते खरोखर कडकडीत असावे, पिठावर पडताच चरचर आवाज यावा. कोमट मोहन नुसते तेल म्हणून पिठात बसते. सोड्याचा प्रश्न जरा वेगळा. खाण्याचा सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, पीठ फुगते, जाळी पडते. पण जाळी म्हणजे तेलाला आत शिरायला मोकळी दारे, शिवाय सोड्याने रंग लवकर चढतो आणि आत कच्चे राहण्याचा धोका वाढतो. बटाटा भज्यांना चिमूटभर सोडा शोभतो. खेकडा भज्यांना त्याची गरज नाही, कारण पाकळ्यांमधल्या फटींनीच हलकेपणा आलेला असतो.

पीठ लावले की लगेच तळायला घ्यावे. मिठाचे काम थांबलेले नसते. दहा मिनिटांनी तेच मिश्रण ओले आणि सैल झालेले दिसते. म्हणून आधी तेल तापवायला ठेवून मगच बेसन भुरभुरणे हा क्रम सोयीचा. मोठ्या घोळक्यासाठी भजी करायची असतील तर सगळ्या कांद्याला एकदम पीठ लावू नये, दोन-तीन घाण्यांपुरतेच लावावे.

तेलाचे तापमान 170 ते 180 अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसला तरी पिठाचा एक थेंब पुरेसा आहे. थेंब तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. खाली जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आला तर बरोबर. वरच राहून क्षणात काळपटला तर जास्त तापले आहे. भजे तेलात पडले की पृष्ठभागावरचे पाणी उकळते आणि वाफ जोराने बाहेर येते. ते बुडबुडे म्हणजे कांद्यातले पाणीच. वाफ बाहेर ढकलत असेतो तेलाला आत शिरता येत नाही. तेल थंड असेल तर वाफेचा जोर कमी पडतो, आवरण लवकर घट्ट होत नाही आणि भजे तेलकट होते. पाणी कमी होऊन पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर गेला, की प्रथिने आणि साखर यांच्यातली ती प्रक्रिया वेग घेते, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिल मेलार्ड याने 1912 मध्ये केले. सोनेरी रंग आणि खमंग वास तिथून येतो. ओल्या पृष्ठभागावर हे होत नाही, म्हणून रंग चढणे ही पाणी गेल्याचीच खूण आहे.

घाणा लहान का असावा, हे आकड्यांनी चटकन पटते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढी अर्धा किलो तेलातून काढून घेतली तर तेल दोन अंशांहून अधिक उतरते. कढईत अर्धा किलो तेल आहे आणि सहा भज्यांतून मिळून 30 ग्रॅम पाणी उडाले, तर खालून आच नसती तर तेल साठ अंशांहून जास्त थंड झाले असते. आच ती तूट भरून काढत असते, पण घरच्या शेगडीची ताकद मर्यादित आहे. दहा-बारा भजी एकदम सोडली की शेगडी मागे पडते आणि कढईतला आवाज बदलतो: चरचर मंदावते, भजी तेलात नुसती पोहतात. अनुभवी हात हा आवाज ऐकूनच आच वाढवतात. भजी सोडताना आच मोठी, सोडून झाल्यावर मध्यम, काढताना पुन्हा मोठी, हा क्रम त्यासाठीच आहे.

भजी सोडताना मिश्रणाचा गोळा वळू नये. ते बोटांच्या टोकांनी उचलून, जरा विस्कटून, कढईच्या कडेने तेलात सरकवावे. पहिले अर्धे मिनिट झारा लावू नये, लेप सुटतो. मग उलटून चार ते पाच मिनिटे तळावे. बुडबुडे विरळ आणि बारीक झाले, झाऱ्यावर भजी खडखडू लागली, म्हणजे बरेचसे पाणी गेले. नुसत्या रंगावर जाऊ नये, कारण हळद-तिखटामुळे रंग आधीच आलेला असतो.

तेल सगळ्यांत जास्त शोषले जाते ते भजे बाहेर काढल्यावर. आतली वाफ निवते, आवरणाच्या छिद्रांत दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. त्यामुळे काढायच्या आधी आच मोठी करावी आणि झारा कढईवर धरून पाच-दहा सेकंद झटकावा. भजी पसरायची ती जाळीवर किंवा चाळणीत, म्हणजे खालूनही हवा लागते. कागदावर ठेवल्यास तेल टिपले जाते, पण खालची बाजू स्वतःच्याच वाफेत ओली होते. छापील वर्तमानपत्र तर वापरूच नये. शाईतले घातक पदार्थ गरम तेलात उतरतात, आणि देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिलेला आहे.

गोल भज्यांचे गणित थोडे निराळे, आणि अधिक अवघडही. इंग्लंडमध्ये जॉन मोलार्ड यांच्या पाकपुस्तकाच्या 1802च्या आवृत्तीत कांद्याच्या चकत्या पिठात बुडवून तळण्याची कृती आहे. पुढे अमेरिकेत हाच प्रकार ‘ओनियन रिंग’ या नावाने बर्गरचा सोबती झाला. तिथे मैद्याचे पीठ आणि अनेकदा पावाचा चुरा असतो, इथे बेसन. अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच: पहिल्या घासाला आतला कांदा सबंध बाहेर ओढला जातो आणि हातात पोकळ आवरण राहते.

याला जबाबदार आहे प्रत्येक पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा. तो गुळगुळीत असतो, त्यावर पीठ बसत नाही, आणि शिजूनही तो तुटत नाही. सहा-सात मिलिमीटर जाडीच्या चकत्या करून कडी सुटी केल्यावर नखाने हा पापुद्रा सोलून काढावा. बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवल्यास तो सुटायला सोपा जातो आणि कडी कडकही होतात. त्यानंतर कडी फडक्याने अगदी कोरडी करावीत आणि कोरड्या तांदळाच्या पिठात घोळवून झटकावीत. हा कोरडा थर ओल्या पिठाला धरायला खडबडीत जागा देतो. तो वगळला तर पीठ निसटते.

ओल्या पिठासाठी 100 ग्रॅम बेसन, 25 ग्रॅम तांदळाचे पीठ, मीठ, तिखट, ओवा आणि 130 ते 150 मिलिलिटर थंडगार पाणी. पाणी थंड असले की पीठ दाट राहते आणि गरम तेलात पडल्यावर वाफ एकदम उसळून आवरण हलके होते. कडी पिठातून उचलल्यावर धार न तुटता दोन-तीन सेकंद ओघळावी आणि मग थेंबथेंब पडावी, एवढे ते सरसरीत हवे. कड्यांचे आवरण सलग असल्याने आतल्या पाण्याला खेकडा भज्यांसारख्या फटी मिळत नाहीत. म्हणून तेल 180 अंशांच्या जवळ ठेवून दोन ते तीन मिनिटे तळावे, काढून पाच मिनिटे निवू द्यावे आणि खायच्या वेळी पुन्हा एक मिनिट मोठ्या आचेवर सोडावे. मधल्या वेळात आतला ओलावा आवरणापर्यंत येतो आणि दुसऱ्या तळणीत निघून जातो. दोन्ही प्रकारांत खाण्याची गोडी खेकडा भज्यांतच जास्त आहे. तिथे कांदा स्वतः तळला जातो, इथे तो पिठाच्या आड शिजतो.

तळण झाल्यावर तेलाकडे दुर्लक्ष होते, ते होऊ नये. तळाशी पडलेला पिठाचा चुरा पुढच्या प्रत्येक घाण्यात जळत जातो आणि तेल कडवट करतो, म्हणून दर दोन घाण्यांनी तो झाऱ्याने काढावा. उरलेले तेल निवल्यावर कापडाने गाळून ठेवावे आणि फोडणीत लवकर संपवावे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे साठत जातात. भारतात 1 जुलै 2018 पासून त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवलेली आहे, तिच्यापलीकडचे तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. घरात ही टक्केवारी मोजता येत नसली तरी फेस, दाटपणा, काळपट रंग आणि तापण्याआधीच येणारा धूर ही लक्षणे सरळ दिसतात.

भज्यांबरोबर तळलेल्या मिरच्या हव्यातच. हिरव्या मिरच्यांना उभी चीर द्यावी, नाही तर त्या तेलात फुटून उडतात. तळून वर मीठ भुरभुरावे. लसणाची कोरडी चटणी आणि ताजा पाव असला तर त्याचे जेवणच होते. चिंचेची पातळ चटणी मात्र वरून ओतू नये, वाटीत वेगळी द्यावी.

एवढे करूनही भजी अर्ध्या तासात सादळू लागतात, विशेषतः पावसाळ्यात. कांद्यात उरलेले पाणी आवरणाकडे सरकते, बाहेरची दमट हवाही आवरणात ओलावा भरते, आणि कडक झालेला स्टार्च पुन्हा लवचीक होतो. डब्यात भरून झाकण लावले की हेच दहा मिनिटांत घडते. प्रवासाला न्यायची असल्यास पूर्ण गार करून सैल झाकणाच्या डब्यात न्यावीत. मऊ पडलेली भजी मायक्रोवेव्हमध्ये आणखी मऊ होतात. कोरड्या जाड तव्यावर मंद आचेने दोन्ही बाजू परतल्या तर बरीचशी पूर्ववत येतात. तरीही उरलीच तर संध्याकाळी गोडा मसाला, खोबरे आणि चिंच घालून उकळलेल्या आमटीत ती सोडावीत. तिथे मऊ भजेच हवे असते, रस्सा पिऊन फुगलेले.